कोयनेच्या खोऱ्यातले दगडमातीचे घर : पाडावे की सावरावे?

हेळवाककर
नमस्कार. पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती डबर दगडाच्या, मातीत रचलेल्या आणि साधारण दोन फूट रुंद. वर सागवानी तुळया आणि मंगलोरी कौले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घराची उत्तरेकडची भिंत कोसळली आणि नंतर त्याच दगडांनी ती पुन्हा रचली, असे घरातले लोक सांगतात. आता त्याच भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी भेग गेली आहे आणि गेल्या पावसाळ्यानंतर ती रुंदावल्यासारखी वाटते. आईवडील तिथेच राहतात आणि पुण्याला यायला तयार नाहीत. एका ठेकेदाराने सगळे पाडून आरसीसी बांधा असे सांगितले, तर गावातल्या गवंड्याच्या मते सिमेंटचा गिलावा मारला की काम झाले. मला दोन्ही सल्ले पटत नाहीत. जिथे लहान धक्के नेहमीचेच आहेत आणि मध्यम भूकंप केव्हाही होऊ शकतो, तिथे अशा घराचे नेमके काय करावे? त्या वेळचे अनुभव आणि बांधकामाची माहिती असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_मास्तर
मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो आणि आम्ही कोयनानगरपासून जवळच राहत होतो. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे ही वेळ आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. आधी जमिनीतून गडगडाट आला आणि तो संपायच्या आत घर हलू लागले. वडिलांनी आम्हाला ओढून अंगणात आणले. थंडी कडाक्याची होती, वीज गेलेली होती आणि उजाडेपर्यंत कोणाचे काय झाले हे कोणालाच कळत नव्हते. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरमधली बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत.

तुमच्या भिंतीविषयी वाचताना मला आमच्या शेजारचे घर आठवले. त्या घराच्या भिंतीचा बाहेरचा थर पूर्ण ढासळून रस्त्यावर आला होता आणि आतला थर मात्र जागेवर उभा होता. त्यातला कोनाडा आणि कोनाड्यातली रॉकेलची चिमणी जशीच्या तशी होती. एकच भिंत अर्धी कशी पडते, हे कोडे मला पुढे कितीतरी वर्षे सुटले नव्हते. इथल्या अभियंत्यांनी ते उलगडून सांगावे.

खट्याळ
आमच्या सासुरवाडीला तीनच्या आतल्या धक्क्याची कोणी दखलही घेत नाही. भांडी वाजली की सासूबाई मांजराला हाकलतात आणि कूस बदलतात. जावई तेवढा अंगणात उभा असतो, तोही अनवाणी.

चिपळूणची
विनोद बाजूला ठेवून एक विचारते. आमच्याकडे पोफळीच्या बाजूला असे सर्रास म्हटले जाते की लहान धक्के बसतात हे बरेच आहे, त्यामुळे जमिनीतली शक्ती थोडीथोडी निघून जाते आणि मोठा भूकंप टळतो. हे कितपत खरे आहे? आणि भूकंप धरणामुळेच होतात, हेही खरे का? माझ्या सासऱ्यांनी विद्युतगृहात नोकरी केली आणि त्यांना हे मुळीच मान्य नव्हते.

भूस्तर
ताई, पहिल्या समजुतीला हिशोबाचा आधार नाही. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. १९६७ चा भूकंप ६.३ चा धरला, तर तेवढी ऊर्जा निघून जायला चार तीव्रतेचे अडीच हजारांहून अधिक धक्के लागतील. कोयना–वारणा पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत चारच्या वरचे धक्के काहीशे आणि पाचच्या वरचे वीसएक झाले आहेत. म्हणजे लहान धक्क्यांनी शक्ती रिकामी होते, या भरवशावर कोणी झोपू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल. १९६१–६२ च्या सुमारास कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि लगेचच धक्के जाणवू लागले. त्याआधी दख्खनचा हा भाग स्थिर मानला जात असे, त्यामुळे धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम पाच टक्के इतका आडवा जोर धरलेला होता. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वरचा धक्का बसला आणि डिसेंबरात मुख्य भूकंप झाला. पाण्याचा बोजा खालच्या खडकावर पडतो हे तर झालेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे खडकातल्या भेगांमधून पाणी झिरपत खोल जाते, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणलेल्या प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या खोल भेगेच्या, दोन बाजूंना एकमेकींवर धरून ठेवणारी पकड सैल होते. दोणीचा वाडा या गावाजवळ जमिनीला पडलेल्या भेगा अनेकांनी पाहिल्या, आणि तो प्रस्तरभंग आजही त्याच गावाच्या नावाने ओळखला जातो.

मात्र तुमचे सासरे सर्वस्वी चूक होते असे मी म्हणणार नाही. खडकातला ताण पाण्याने निर्माण केलेला नाही. तो भूखंडाच्या हालचालीतून हळूहळू साठलेला होताच. पाण्याने तो सुटण्याची वेळ अलीकडे आणली. म्हणून अभ्यासक हे भूकंप जलाशयामुळे घडले असे न म्हणता जलाशयामुळे चालना मिळालेले म्हणतात. आफ्रिकेतले करिबा, ग्रीसमधले क्रेमास्ता आणि चीनमधले शिनफेंगजियांग इथेही हेच घडले, पण जलाशयाशी निर्विवादपणे जोडल्या गेलेल्या भूकंपांत कोयनेचाच सर्वांत मोठा मानला जातो. भूभौतिकशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की पाण्याची पातळी किती वेगाने चढते, किती उंचीला जाते आणि तिथे किती काळ टिकते, यावर इथल्या धक्क्यांचे प्रमाण अवलंबून असते. तारखा पाहिल्या तरी कल कळतो : ऑक्टोबर १९७३, सप्टेंबर १९८०, डिसेंबर १९९३, फेब्रुवारी १९९४, मार्च आणि सप्टेंबर २०००, मार्च २००५. यातले बहुतेक धक्के जलाशय भरल्यानंतरच्या किंवा पाणी उतरू लागल्यानंतरच्या महिन्यांतले आहेत. वारणेचे धरण १९८५ पासून भरू लागल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे सरकला, हेही याच चित्रात बसते.

चिपळूणची
धन्यवाद. म्हणजे वाद अजून शिल्लक आहे, पण आता तो निदान नीट मांडता येईल. आमच्या गटावर मात्र प्रत्येक धक्क्यानंतर अर्ध्या तासात 'धरणाला तडा गेला' असा संदेश फिरू लागतो आणि चिपळूणची माणसे रात्र जागून काढतात. त्याबद्दल कोणाला ठामपणे सांगता येईल का?

सांडवा
मी पाटबंधारे खात्यात होतो, त्यामुळे एवढे सांगू शकतो. १९६७ मध्ये धरणाला तडे गेले होते, ही अफवा नव्हती. धरणाच्या पाण्याविरुद्धच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीवर सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच खंडांना (धरण ज्या उभ्या तुकड्यांत बांधलेले असते त्यांना) आडव्या भेगा पडल्या आणि काही ठिकाणी पाणी पाझरले. धरणात बसवलेल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के इतका हादरा नोंदवला. आराखड्यातले पाच टक्के आणि हे ६३ टक्के यांची थेट तुलना शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही, कारण नोंदलेला आकडा क्षणभराच्या कमाल हादऱ्याचा असतो आणि आराखड्यातला जोर कायम लावल्यासारखा धरलेला असतो. तरीही १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, हे जगभरच्या धरण अभियंत्यांनी अभ्यासले. पुढे भेगा भरून पोलादी तारांनी त्या भागाला आवळण्यात आले आणि उंच खंडांना मागून काँक्रीटचे भक्कम आधार जोडण्यात आले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण या शतकाच्या पहिल्या दशकात झाले. तेव्हा संदेश पाठवणाऱ्याला एवढेच विचारावे की भेग कोणत्या खंडाला आणि किती उंचीवर आहे. तिथेच तो गप्प होतो.

मराठवाडी
मूळ प्रश्न घराचा आहे, म्हणून किल्लारीचे लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, तीव्रता ६.२. म्हणजे भूकंप कोयनेएवढाच, वेळही जवळजवळ तीच, आणि मृत्यू मात्र दहा हजारांच्या आसपास. आमच्याकडे गावे दाट वसलेली होती आणि छपरे म्हणजे माळवदे. दरवर्षी गळती लागली की वर आणखी माती टाकायची, अशी पिढ्यान्पिढ्यांची रीत होती, त्यामुळे माणसाच्या डोक्यावर कित्येक टन माती झोपलेली असायची. तुमच्या घरावर कौले आहेत, ही मोठी जमेची बाजू समजा. आमच्याकडे दगडाची धास्ती एवढी बसली की नंतर काही वर्षे लोक पत्र्याच्या खोलीत झोपत आणि दगडी वाड्यात फक्त धान्य ठेवत.

नवे_घर
मग चर्चा कशाला लांबवायची? पाडा आणि आरसीसी बांधा. आईवडिलांच्या जिवापेक्षा जुने सागवान मोठे नाही.

गवंडीकाम
नवे_घर यांच्या भावनेशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. मी इमारतींच्या मजबुतीकरणाचे काम करतो. डोंगरउतारावर मी पाहिलेल्या कित्येक आरसीसी घरांना पुढच्या बाजूला दोन पुरुष उंचीचे बारीक खांब असतात आणि मागच्या बाजूला खांब अगदी आखूड असतात. भूकंपात सगळा जोर मागच्या आखूड खांबांवर येतो आणि ते आधी तुटतात. खांबातल्या रिंगा एकेक फुटावर बांधलेल्या आणि त्यांची टोके आत न वळवता काटकोनात सोडून दिलेली, हे तर रोजचेच दृश्य आहे. चांगले आरसीसी उत्तमच, पण त्यासाठी आराखडा करणारा अभियंता आणि सळई बांधताना उभा राहणारा मालक लागतो. ठेकेदाराच्या भरवशावर आणि मालक पुण्यात असताना बांधलेले आरसीसी मला तुमच्या आजच्या घराइतकेच धोक्याचे वाटते.

आता जुना_मास्तर यांचे कोडे. आपल्याकडची डबर भिंत खरे तर दोन भिंतींची असते. बाहेरचा थर तोंडचे दगड लावून, आतला थर तसाच, आणि मधल्या पोकळीत चिपा व माती. वरून येणारे वजन ती शतकभर पेलते. पण आडवा हादरा बसला की मधला भराव खाली दबतो, पाचरीसारखा दोन्ही थरांना बाहेर ढकलतो आणि ज्याला आधार कमी तो थर ढासळतो. याला उपाय जुन्या कारागिरांना ठाऊक होता : भिंतीच्या पूर्ण रुंदीचा आरपार दगड ठरावीक अंतराने घालणे. भारतीय मानकानुसार असा दगड उंचीत दर दोन फुटांना आणि लांबीत दर चार फुटांना असायला हवा. एवढे लांब दगड मिळवायला कष्ट आणि पैसा लागतो, म्हणून गरिबाच्या घरात ते नसतात. भूकंपानंतर घाईत पुन्हा रचलेल्या भिंतीत तर ते असण्याची शक्यता फारच कमी.

हेळवाककर, दोन गोष्टी तपासून इथे कळवा. उत्तरेच्या भिंतीला ओळंबा लावून तिचे पोट सुटले आहे का, आणि किती, ते पाहा. दुसरे म्हणजे कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतलेल्या आहेत, की नुसत्या टेकलेल्या आहेत?

कारवी
डबर भिंतीचा एवढा विचार चालला आहे, म्हणून आमच्या धनगरवाड्याचे सांगते. तिथे कारवीच्या कुडाची, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली घरे असत. मोठ्या धक्क्यात लिंपण पडे, कूड वाकडा होई, पण माणूस दबून मरत नसे. पुढे ज्यांच्याकडे पैसा आला त्यांनी कूड काढून दगड आणला, कारण कूड म्हणजे गरिबी असे सगळ्यांना वाटे. डोंगरात हलके घर शहाणपणाचे असते, हे पटवून द्यायला आता अभियंता आणावा लागतो.

गढवाल_मुक्काम
कारवीताईंचा मुद्दा हिमालयातही खरा ठरतो. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे गढवालात आहे. २० ऑक्टोबर १९९१ च्या उत्तरकाशीच्या भूकंपात साडेसातशेहून अधिक माणसे दगावली, त्यातली बहुतेक दगडी घरांच्या ढिगाऱ्याखाली. त्याच भागात यमुनेच्या खोऱ्यात कोटी बनाल पद्धतीची देवदाराची घरे आहेत, चार-चार मजली. त्यांत दगडाच्या प्रत्येक थरानंतर लाकडी तुळया चारही बाजूंनी कोपऱ्यात एकमेकींत अडकवलेल्या असतात. ती उभी राहिली.

आणखी एक सांगावेसे वाटते. डोंगरात भूकंपाचा उपद्रव घर पडून संपत नाही. उत्तरकाशीत गवाणा येथील पूल पडला आणि वरच्या गावांचा रस्ताच तुटला. मार्च १९९९ च्या चमोली भूकंपात शंभराच्या आसपास माणसे गेली, आणि डोंगरउतारांवर लांबच लांब भेगा पडल्या. पहिल्या पावसाआधी त्या बुजवल्या नाहीत तर पाणी आत शिरते आणि उतार खाली येतो. तुमच्या घराच्या मागे डोंगर असेल, तर भिंतीआधी डोंगर पाहून या.

डोंगरवाट
हेच लिहायला आलो होतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातच आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गेली. इतकी वर्षे धक्के खाऊन खिळखिळा झालेला डोंगर अखेर बसला, असेच मला वाटते.

भूस्तर
वाटणे समजू शकतो, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही. त्या दिवसांत अतोनात पाऊस झाला होता, आणि त्याच पावसात महाड तालुक्यातले तळियेही गेले. २०१४ मध्ये माळीण गेले, तिथे तर कोयनेसारखे सततचे धक्के नाहीत. बेसाल्टवरचा मातीचा जाड थर पाण्याने तुडुंब झाला की तो भूकंपाशिवायही सुटतो. भूकंपाने पडलेल्या भेगा त्या पाण्याला वाट करून देऊ शकतात, एवढे मान्य. पण प्रत्येक दरडीचे खापर भूकंपावर फोडले, तर वरच्या उतारावर जेसीबीने काढलेले रस्ते आणि बुजवलेले ओढे यांच्याकडे कोणी पाहणार नाही.

डोंगरवाट
मान्य. ओढे बुजवल्याचा मुद्दा तर आमच्या वाडीला तंतोतंत लागू आहे.

खट्याळ
गोठणे गावात तीन किलोमीटर खोल भोक पाडले आहे असे ऐकतो. आमच्या मेहुण्याचे म्हणणे आहे की भूकंप तिथूनच बाहेर पडतो.

भूस्तर
मेहुण्यांना सांगा की धक्के भोकाच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. कराड येथील भूविवर संशोधन प्रयोगशाळेच्या प्रकल्पात गोठणे इथे ते विवर खोदले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइटी खडक लागला, आणि इथले भूकंप त्याच खडकात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर होतात. उगम इतका उथळ असल्यामुळेच आपल्याकडे हादऱ्याआधी किंवा हादऱ्यासोबत गडगडाट ऐकू येतो. हादऱ्याच्या जागेच्या शक्य तितके जवळ जाऊन ताप, दाब आणि खडकातला ताण मोजावा, हा त्या विवराचा उद्देश आहे.

हेळवाककर
सर्वांचे आभार. शनिवारी गावी जाऊन ओळंबा लावला. उत्तरेच्या भिंतीचे पोट बाहेरच्या बाजूला दोन इंचांहून थोडे अधिक सुटले आहे, आणि ते खिडकीच्या खालच्या पातळीवर सर्वांत जास्त आहे. ईशान्य कोपऱ्यात भिंती नुसत्या टेकलेल्या आहेत. फटीत सुरी सहज जाते. बाकीच्या तीन भिंती ओळंब्यात आहेत आणि त्यांच्यात काही ठिकाणी आरपार दगड दिसतात. मागचा उतार घरापासून बराच लांब आहे आणि मधला ओढा मोकळा आहे. छपराखालची दोन्ही टोकांची त्रिकोणी भिंत मात्र दगडाचीच आहे, हे याआधी कधी लक्षातच आले नव्हते.

गवंडीकाम
ही माहिती पुरेशी आहे. माझे मत असे की घर पाडू नये, पण उत्तरेची भिंत पाडावी. इतके पोट सुटलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारणे म्हणजे दुखणे झाकणे आहे. भेग दिसेनाशी होईल आणि धोका तसाच राहील. ती भिंत जोत्यापर्यंत उतरवून नव्याने रचावी, रुंदी दीड फुटावर आणावी, आरपार दगड घालावेत आणि दोन्ही कोपरे जुन्या भिंतींत दात सोडून गुंतवावेत. खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर घ्यावी.

उरलेल्या तीन भिंतींत जिथे आरपार दगड नाहीत, तिथे किल्लारीनंतर वापरलेली पद्धत उपयोगी पडेल. तोंडचा एक दगड हाताने डावीकडे-उजवीकडे हलवत सैल करून काढायचा, मधला भराव कोरून पलीकडचा दगडही तसाच काढायचा, त्या भोकात दोन्ही टोकांना आकडी वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. घण किंवा ड्रिल अजिबात लावू देऊ नका, त्याने शेजारचे चार दगड हलतात. त्यानंतर खिडक्या-दारांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींना आतून आणि बाहेरून वेल्डेड जाळीचा सलग पट्टा खिळ्यांनी बसवून त्यावर सिमेंटचा गिलावा करावा. हा पट्टा कोपऱ्यात कुठेही तुटता कामा नये. चारही भिंती एकत्र हलल्या पाहिजेत, हाच सगळ्या कामाचा गाभा आहे.

छपराखालची त्रिकोणी भिंत उतरवून तिथे पत्रा किंवा फळ्या लावा, कारण झोपलेल्या माणसावर सगळ्यात आधी तोच भाग पडतो. तुळया भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतील, तर लाकडी किंवा लोखंडी पट्टीने खाली बांधून घ्या आणि वाशांना तिरके आधार द्या.

नवे_घर
माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही, पण खर्चाचा अंदाज तरी सांगा. पाडून बांधण्याच्या तुलनेत हे किती?

गवंडीकाम
दगड आणि लाकूड घरचेच असल्यामुळे नव्या बांधकामापेक्षा बरेच कमी. नक्की आकडा जागा पाहिल्याशिवाय सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मजुरी हाच मुख्य खर्च आहे, कारण दगड हाताने काढण्याचे काम सावकाश चालते.

जुना_मास्तर
कोडे सुटले, आभारी आहे. हेळवाककर, एक विनंती. काम सुरू असताना आईवडिलांना त्या घरात झोपू देऊ नका, आणि ऐकत नसतील तर निदान उत्तरेच्या खोलीतली खाट हलवा.

हेळवाककर
वडिलांनी खाट आजच हलवली. काम दिवाळीनंतर सुरू करायचे ठरवले आहे. भिंत उतरवताना वरच्या तुळयांचे काय करायचे, एवढे सांगितले तर गवंड्याशी बोलता येईल.

गवंडीकाम
दगडाला हात लावण्याआधी प्रत्येक तुळईखाली भिंतीपासून दोन-अडीच फूट आत लाकडी टेकू लावा. टेकूखाली फळी ठेवा, म्हणजे तो जमिनीत रुतणार नाही, आणि वरून पाचर ठोकून तो घट्ट बसवा. त्या बाजूची कौले आधीच उतरवून ठेवा. काम मधेच थांबणार असेल तर उघड्या भिंतीच्या माथ्यावर ताडपत्री बांधून घ्या, कारण दिवाळीनंतरचा एखादा अवकाळी पाऊसही मधला भराव भिजवायला पुरेसा असतो.